उलट बाजूचा रंग

कन्ना चौकामागच्या बोळात, सात नंबरच्या मागाखाली
चिंध्यांच्या पोत्यात काळी व्याली.
घरात आम्ही तिला पिल्लीच म्हणतो,
तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली;
पिल्लीची पिल्लं म्हणताना मग
आमचीच जीभ अडखळते.

चार झाली.
दोन बोके, आईसारखे काळे, पंजे पांढरे.
तिसरी अशी, की काळ्या सुतात कुणी
नारिंगी पिंजून टाकलंय.
चौथीच्या पाठीवर काळा तुकडा, नारिंगी तुकडा,
पोट कोरं.

बाप कोण, ते सगळ्या बोळाला ठाऊक:
सायझिंगच्या पत्र्यावर पसरलेला तो नारिंगी,
कान फाटका, कुणाचाच नाही.
"पोरांत त्याचा एक धागा नाही का बे?"
कांड्या भरता भरता अंबादास मेरगू.
मी काळीकडं बघितलं. ती पंजा चाटत होती.

रजिता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.
माझ्या रद्दी कार्डावर तिनं पेन्सिलनं काढून दाखवलं:
नारिंगी की काळा, हे एक्सवर असतं, नान्ना.
मादीकडं एक्स दोन, एक आईचा, एक बापाचा.
बोक्याकडं एकच, तो आईनं दिलेला.
बाप लेकाला वाय देतो,
आणि वायवर या रंगाचं भोकच पाडलेलं नसतं.

भोक मला कळतं.
एकतीस वर्षं जकार्डची कार्डं पाडतोय.
भोक असलं तर सुई आत, धागा वर.
नसलं तर खाली.
एवढ्यावर संसार झाला.

आमची चादर घ्या, उलटून बघा:
वरनं मोर लाल, जमीन पांढरी,
खालनं मोर पांढरा, जमीन लाल.
दोन्ही सुतं सगळीकडं आहेत, इंच न् इंच;
एक वर येतं,
दुसरं त्याच्या पोटाखालनं मुकाट जातं.

"तसंच," रजिता म्हणाली,
"मादीच्या पेशीपेशीत दोन्ही एक्स.
एक जागा, एक गाठोडं होऊन कोपऱ्यात.
आईचा जागा तिथं काळं, बापाचा जागा तिथं नारिंगी."

"आणि कार्ड कोण पाडतं?"

"कुणीच नाही.
पोटात असतानाच, अगदी थोड्या पेशी असताना,
जी ती आपलं ठरवते, नाणं उडवल्यागत.
मग तिच्या लेकी-नाती तेच धरून चालतात."

पांढऱ्याचं वेगळं.
रंगाच्या पेशी पाठीकडनं खाली चालत येतात,
काही पोटापर्यंत पोचतच नाहीत.
रंगारी आला नाही, माल तसाच राहिला.
त्यातल्या त्यात हे मला लगेच पटलं.

"मग तुझ्या भावाचा रंग तुझ्या आईचाच म्हण की."
"मांजराचा हिशेब माणसाला लावायचा नाही, नान्ना."
जरा फटकारूनच बोलली.
आतनं सुलोचना हसली, गरजेपेक्षा मोठ्यानं.

रविवारी अंबादास एकाला घेऊन आला,
अक्कलकोट रोडचा, हातात तीन अंगठ्या.
तीन रंगांचा बोका असला तर पाच हजार, रोख.
शेपटी वर केली, वाकून बघितलं,
चष्मा काढून परत बघितलं.
मादी.
हजारोंत कधी एखादा निघतो म्हणे तसा,
एक एक्स जादा घेऊन आलेला;
पिल्लं सहसा होत नाहीत त्याला.
माणूस चहा न घेताच गेला.

मला मात्र बहिणी सोडवत नाहीत.
आई तीच, बाप तोच, रात्र तीच,
आणि रिपीट जुळत नाही.
एका धाग्यानं मोर सरकला तर
मालकानं गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवलाय मला.
इथं कुणी परत पाठवत नाही.

दुपारी वीज गेली. बोळभर माग एकदम थांबले,
कान दुखले शांततेनं.
चौथी आली आणि अर्ध्या पाडलेल्या कार्डावर
पोट टाकून झोपली.
भोकांतनं तिचं पांढरं दिसत होतं.
वीज आली,
तरी मी तिला उठवलं नाही.