उतरता पारा

पाव लिटर इपॉक्सी मी एकदम कालवली,
वैशाखात, फैजपुरात, दुपारी अडीच वाजता.
डबा हातात तापला, मग धुरावला,
आणि ब्रश उभाच राहिला त्यात,
पुरणात रुतलेल्या पळीसारखा.
तो अजून वखारीच्या खिडकीत ठेवलाय.
चित्रकलेच्या मास्तराचं पहिलं शिल्प.

वखार केळी पिकवायची. आता रिकामी,
भिंतींना अजून गोड वास.
घोड्यांवर उपडी होडी, चौदा फूट,
सागाच्या बोटभर पट्ट्या,
दोन हिवाळे एकीला एक चिकटवत नेलेल्या.
वर काचेचं कापड पसरलं तेव्हा
बायको दारातूनच म्हणाली, अंतरपाट धरलाय जणू.
खरंच तसंच असतं ते:
रेझिन मुरलं की पांढरं विरतं
आणि पलीकडचं लाकूड समोर उभं राहतं.

माझं विरलं नाही.
डब्याच्या प्रकारानंतर शहाणपणा करून
पहाटे पाचला लावली, गारव्यात, पातळ.
नऊ वाजता बघतो तर
अंगभर बुडबुडे, खसखशीएवढे, तांदळाएवढे,
नाळेपाशी कापडच उचललेलं,
आणि सगळ्यावर एक मेणचट साय.

शनिवारी यावलहून नसीर तडवी आला,
गाड्यांचे फुटके बंपर जोडणारा.
काही बोलला नाही. खिशातून रुपया काढला
आणि होडीच्या पाठीवर वाजवत निघाला.
टक. टक. टक. थप्प.
"इथं पोकळ."
लाल खडूने गोल.
तासाभरात तेवीस गोल झाले.
मी एकतीस वर्षं मुलांच्या झाडांवर, डोंगरांवर,
तिरक्या झोपड्यांवर काढले, अगदी तसे.

"बंपरवर रंग मारतो आपण, सर.
पुट्टी, रंग, झालं. झाकलं.
तुम्हाला लाकूड दिसायला पाहिजे,
म्हणून ही शिक्षा."

मग सांगितलं: आधी साबणाच्या पाण्याने मेण धुवा,
न धुता घासलं तर ते आत जिरतं, जन्माचं.
मग गरम हवेचं यंत्र, मग पटाशी, हळू,
कापड उठतं तेव्हा चर्र वाजतं,
वाजू द्या.
मग ऐंशीचा कागद, मग एकशेवीसचा,
कडा इतक्या निमुळत्या की बोटाला कळू नयेत.
बाह्या लांब घाला, म्हणाला.
मी घातल्या नाहीत.
काचेची कूस आठवडाभर कोपरात खाजत होती.

पण बुडबुडे का, हे विचारलंच मी.
"पहाटे लावलंत ना? दिवस चढतो तसं लाकूड तापतं,
आतली हवा बाहेर टाकतं.
ते श्वास सोडतंय
आणि तुम्ही त्याच्या तोंडावर काच दाबताय.
संध्याकाळी लावा. पारा उतरताना.
तेव्हा ते आत ओढतं."

म्हणून आम्ही चव्वेचाळिसाचे एक्केचाळीस होईपर्यंत
गप्प बसलो, वखारीच्या उंबऱ्यावर,
भुईमुगाच्या शेंगा फोडत.
मग चहाच्या कपात, एका वेळी दोन घोट,
एकेका खड्ड्यावर एकेक ठिगळ.
आणि खरंच,
कंदिलाएवढ्या त्या बल्बखाली
पांढरं कापड विरत गेलं,
साग वर आला, ओला, मधासारखा,
कुणीतरी आतून पिऊन घेतल्यागत.

बावीस भरले.
तेविसावा नाळेच्या पोटाखाली,
रुपयाएवढा. तिथे हात पोचेना,
रेझिनही संपलं होतं.
"राहू द्या," नसीर म्हणाला. खडू तेवढा पुसला.

ठिगळं दिसतात. उन्हात तिरकं पाहिलं
की बावीस गडद चंद्र.
रंग मारावा का, पावसाळाभर मनात होतं.
नाही मारला.

हतनूरच्या फुगवट्यावर उतरवली ती दिवाळीनंतर.
काठावर सुपडू भोई जाळं झटकत होता.
माझी नजर ठिगळांवर पाहून हसला:
"पानीले काय दिसते, मास्तर?"
आणि सहज, बैल बघावा तसं,
बोटाच्या पेराने होडी वाजवत गेला.
टक. टक.
नाळेखाली त्याचं बोट थांबलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पलीकडच्या काठाकडे.