उसना दशक

पाठ क्रमांक सात. इयत्ता तिसरी. विषय गणित.
घटक: हातच्याची वजाबाकी.
तासिका पस्तीस मिनिटं, त्यातली प्रस्तावना पाच,
असं काल रात्री टाचणवहीत पट्टीनं रेघा मारून लिहिलं,
परळच्या खोलीत, ओट्यावर वही ठेवून, उभ्यानं,
कारण टेबल एकच आणि त्यावर बहिणीची शिलाई मशीन.

शिवडीची महापालिका शाळा, दुसरा मजला.
वरचे दोन बंद. पट घसरला तेव्हापासून
तिथे निवडणुकीचं सामान आणि मोडके बाक.
वर्गात एकोणीस मुलं. खिडकीत तेलाच्या टाक्या,
टाक्यांमागे चिखल, चिखलात गुलाबी ठिपके.
मुलं तिकडे बघत नाहीत. मी बघतो.

पहिल्या दिवसापासून मला सगळे बाई म्हणतात.
या शाळेत बाप्या मास्तर कुणी पाहिलेला नाही.
"बाई, पाण्याला जाऊ?"
मी एकोणतीस वर्षांचा, मिशीवाला, भौतिकशास्त्राचा एम.एस्सी.,
सहा वर्षं कुरिअरच्या गोदामात शिक्के मारून
मग बी.एड.ला आलेला.
आधी दुरुस्त करायचो.
आता म्हणतो, जा. लवकर ये.

शेवटच्या बाकावर खांबेटे मॅडम.
गुडघे आत मावत नाहीत, म्हणून तिरप्या.
लाल पेनाचं टोपण दातात.

फळ्यावर बावन्न, खाली अठरा.
"दोनातून आठ जातात?"
"नाऽऽही!"
"मग शेजारी कोण राहतं? दशक.
त्याच्याकडून एक गठ्ठा उसना घ्यायचा."
कुल्फीच्या काड्या, दहा-दहाला रबर लावलेलं.
रबर सोडलं. काड्या टेबलभर.
अगदी टाचणात लिहिलं होतं तसं.

"बाई," हर्षाली नाखवा, एकाच वेणीला रिबीन,
"उसना घेतला, तो परत कधी करायचा?"

टाचणात डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थीकृती.
मधे नुसती रेघ.
म्हटलं, गणितात परत नसतो करायचा.
"का?
आई शेजारून वाटीभर तेल आणते ना,
परत देताना शीग लावून देते."
"तेलाला कुठे शीग लागते गं!" कुणीतरी.
"मग साखरेला."
मागून ओंकार: "आणि दशकाचे पाचाचे चार झाले, त्याचं काय?"
मग सगळेच बोलायला लागले,
कुणाच्या मामानं रिक्षासाठी घेतलेले पैसे,
कुणाच्या दाराशी रविवारी येणारा माणूस,
आणि मी काडी हातात धरून उभा,
चौतीस हे उत्तर फळ्यावर कुणीच न वाचलेलं.

घंटा झाली.

शेरा: मूल्यमापन राहिले. गृहपाठ दिला नाही.
फलकलेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण कमी.
पन्नासपैकी एकोणतीस, माझ्या वयाएवढे.

जिना उतरताना मॅडम कठडा धरून थांबल्या.
"उसना म्हणू नका. सुट्टे करा म्हणा.
आपल्याच खिशातली नोट, आपलेच सुट्टे.
कर्ज कसलं त्यात?"
मी मान हलवली. त्या तिथेच उभ्या.
"एकतीस वर्षं मीही उसनाच म्हणत होते.
हे कुणी विचारलं नाही कधी."
दोन पायऱ्या उतरून:
"विचारलं असेल. मी फळ्याकडे तोंड करून असेन."

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर
हर्षालीनं टेबलावर एक गठ्ठा ठेवला, रबर लावलेला,
आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली.
मोजल्या.
अकरा.
एकीला अजून कुल्फीचा चिकटपणा होता.