एक तास तेवीस मिनिटं

मेन रोडवर, छाजेडांच्या काउंटरवर
मांडलं सगळं:
बॉडी दोन, लेन्स पाच.
एकीच्या रिंगेत अजून अंजनेरीची लाल माती,
नखानं काढू गेले, निघेना.
"ताई, इतकं जुनं मेतकूट, मोडता कशाला?"

मी म्हटलं, खांदा.
खोटं नाही ते.
कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून
हाड कुठे घासतं ते दाखवलं होतं.
मी बघत होते, एक्स-रे जरा तिरका धरलाय.
शिवाय हरिहरच्या पायऱ्या,
तिथे आठ किलोची सॅक अशी मागे ओढते
की खालून कुणी नावानं हाक मारतंय.

केतकीला सांगितलं, सुटे भाग मिळत नाहीत आता.
क्लबातल्या पोरांना सांगितलं,
नव्यात सावल्या जास्त उकलतात.
ज्याला त्याला त्याच्या मापाचं कारण,
नोट प्रेसमध्ये बंडलं बांधायचो तसं,
मोजून, वर कागदी पट्टी लावून.

खरं कारण हिरामण लचके.
भास्करगडाच्या खाली शेळ्या राखायचा.
वय विचारलं तर म्हणाला, "सातवीत होतो."
भाद्रपद सरत आलेला,
ढग गडाच्या गळ्यापर्यंत.
पावणेदोन तास ट्रायपॉड उभा, मी उभी,
हिरामण एका दगडावर, काडी चघळत.
आणि मग कुठूनसं ऊन आलं,
कड्याच्या एका घडीवर टेकलं
आणि गेलं.
मी बटण दाबलं होतं.
खटाक.

खटाक म्हणजे आतला आरसा वर जातो.
आरसा वर गेला की डोळ्यापुढे काळोख.
सगळ्यांना माहीत असतं हे,
मलाही होतं, पुस्तकातलं.

"दिसलं का, बाई?"
"आलंय ना, फोटोत."
"तसं नाय. तुला दिसलं का?"

त्या रात्री हिशोब मांडला,
प्रेसमधली सवय, आकडा जुळेपर्यंत झोप नाही.
सत्तावीस वर्षं, चाळीस हजार फोटो,
सरासरी सेकंदाचा आठवा भाग:
पाच हजार सेकंद.
एक तास, तेवीस मिनिटं आणि वर वीस सेकंद.
गंगापूर धरणावरचं धुकं त्यात,
कारवीचा सात वर्षांनी आलेला निळा डोंगर त्यात,
दिवाणखान्यात लावलेलं सगळं त्यात.
जन्मात निवडून काढलेला तेवढाच वेळ
आणि नेमका तेवढाच मी पाहिलेला नाही.

नव्यात आरसा नाही.
हातात घेतला की वाटतं
कप उचलला आणि आत चहाच नाही.
ओजस म्हणतो, काकू, काळोख त्यातही असतो,
जरा कमी, इतकंच;
आणि दिसतो तो डोंगर नव्हेच,
डोंगराचा इवलासा टीव्ही.
असू दे.
मी त्याला डोळा लावतच नाही फारसा.
चौकट ठरवते, बाजूला होते,
हातात रिमोट, तोंड डोंगराकडे.

हे जुन्यावरही जमलं असतं की.
जमलं असतं.
पण त्याच्या रबरी कडेचा गोल
माझ्या भुवईखाली पडलाय कायमचा,
तो पुढ्यात असला की मान आपोआप वाकते.
सवय सुटायची तर आधी सामान हलवावं लागतं.

छाजेडांनी नोटा दिल्या.
मी प्रत्येक उजेडाला धरली, ते हसले.
मग त्यांनी जुनी बॉडी उचलली,
रस्त्याकडे रोखली,
खटाक.
"चालू आहे," म्हणाले.

त्याच वेळी भांडी बाजाराच्या वळणावरून
एक पोरगा तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन आला,
हंड्यावर ऊन,
आणि गर्दीत गेला.

मला दिसला.