इतिवृत्त

दर सोमवारी नऊ वाजता मी लिहिते :
उपस्थित – चौदा.
चौदा म्हणजे चौदा काळे चौकोन,
प्रत्येकात पांढऱ्या अक्षरांत एक नाव,
बंद दारांवरच्या पाट्यांसारखं.
आत कुणी आहे की नाही
ते पोस्टमनलाच ठाऊक.

उलानबातरच्या तिसऱ्या मजल्यावरून
त्सोगबद्राख साहेब स्क्रीन शेअर करतात.
एकेचाळीस स्लाइड्स. नमनालाच घडाभर तेल,
मग चाऱ्याचे आलेख, निळे, हिरवे,
मग, "सगळ्यांना दिसतंय ना?"
दिसत असतं. बघत कुणी नसतं.
एकदा चोइबाल्सानच्या कुणाचा तरी माइक
चुकून उघडा राहिला
आणि आम्ही बटाटे सोलले जाताना ऐकले,
सुरी, साल, सुरी, साल.
त्या महिन्यात आमच्या कानांदेखत
पूर्ण झालेलं तेवढं एकच काम.

खोव्दचा दाशन्याम आमच्या एक तास मागे.
घड्याळानं म्हणते मी.
आमचे नऊ, त्याचे आठ,
तिकडे तेव्हा नुसतं फटफटत असतं.
रेंजसाठी तो मोटरसायकल टेकडीवर नेतो,
हातमोजा काढून फोन धरतो,
हे मला फार पुढे कळलं.
तोवर त्याच्या नावापुढे
वर्षभर मी लिहीत आले :
'काही सांगायचे नाही.'

फेब्रुवारीत साहेब तापानं झोपले
आणि बैठक आली ओयुनचिमेगकडे.
पशुवैद्य बाई. बोलताना बाह्या सारते,
जणू समोर अडलेली गाय आहे.
म्हणाली, आज स्लाइड नाही.
कागद काल रात्रीच पाठवलेत.
वाचले नसतील तर आता वाचा, पाच मिनिटं. मी थांबते.

आणि ती खरंच थांबली.
चौदा ठिकाणच्या शांतता
एकमेकींत मिसळत राहिल्या,
कुठे चूल, कुठे कुत्रं, कुठे नुसता वारा.
मी काय लिहायचं?
लिहिलं : 'वाचन.'

मग म्हणाली, मत नको मला कुणाचं.
काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली
एक गोष्ट सांगा, एकेकानं.
सगळ्यात लांबच्या माणसापासून सुरू करू.

सगळ्यात लांबचा कोण
ते ठरवायला आम्हाला नकाशा आठवावा लागला.

दाशन्यामचा आवाज आला, गेला,
पुन्हा आला, गेला.
बाई एवढंच म्हणाली, घाई नाही.
तिसऱ्यांदा पोहोचला :

मेंढ्या एकमेकींची लोकर खातायत.

बस्स.

एक चौकोन उजळला.
मग बायनखोंगोरचा, मग बटाटेवालीचा,
तिच्या मांडीवर मूल, हे कुणालाच माहीत नव्हतं.
किती कळप? कुठला रस्ता उघडा?
ट्रक कुणाकडे आहेत?
अल्ताईच्या एन्खजार्गलकडे दोन होते.
आधी का नाही सांगितलं?
ट्रकची स्लाइड एकोणचाळिसावी, ती म्हणाली,
तिथवर आपण कधी पोहोचलोच नाही.

बावीस मिनिटं लागली.
कोण, काय, कधीपर्यंत,
माझ्या वहीत पहिल्यांदाच तीन रकाने पुरले.
शेवटी बाईनं विचारलं, कुणाचं राहिलंय?
आणि उत्तरासाठी श्वासभर जागा ठेवली.

चारा गेला. सगळीकडे नाही.
पूर्वेला उशिरा गेला,
तिथले आकडेही माझ्याच अक्षरात आहेत.

मार्चमध्ये साहेब परतले, आलेख परतले,
चर्चेचं गुऱ्हाळ पुन्हा सुरू.
फक्त आता पाचव्या स्लाइडला कुणीतरी खाकरतं,
दाशन्याम काय म्हणतोय?
आणि साहेब, नाइलाजानं का होईना, थांबतात.

परवा त्यानं कॅमेरा लावला,
दोनच मिनिटं, रेंज खातो म्हणून.
तेरा काळ्या चौकोनांमध्ये एक पांढराशुभ्र,
नुसता बर्फ,
कोपऱ्यात मोटरसायकलचं हँडल
आणि हँडलवर अडकवलेला
रिकामा हातमोजा.

उपस्थित – चौदा, मी लिहिलं.
या वेळी मोजून.