न्यूट्रल

मामंजी झोपायच्या आधी घरभर फिरायचे
प्लगांना हात लावत.
टीव्ही. मिक्सर. पोराचा चार्जर.
"बटण बंद म्हणजे बंद नव्हे, सूनबाई.
पिन बाहेर, तर बंद."
एकोणतीस वर्षं सबस्टेशनात काढलेला माणूस.
विजेवर त्यांचा विश्वास नव्हता,
जसा हलवायाचा मिठाईवर नसतो.

फ्रिज तेवढा सुटायचा त्यांच्या तावडीतून.
त्याच्यासाठी लोहार चाळीतून आणलेला
वरवंट्याएवढा जड स्टॅबिलायझर,
रात्री मध्येच टक् करायचा.
मी दचकायचे.
ते म्हणायचे, "जागा आहे तो."

फेब्रुवारीत ते गेले.
मी प्लग काढत राहिले.
श्रद्धा वगैरे काही नाही,
हाताला वळण पडलं होतं
आणि बिलही कमी यायचं.

मेमधली रात्र, पावणेतीन.
पंखा असा फिरू लागला
जणू कुणी त्याच्या पाठी लागलंय.
झिरोचा दिवा पांढराशुभ्र झाला, मग काहीच नाही.
टक्. टक्टक्. टक्.
आणि जळका वास.
जिन्यात टॉर्च, गाऊन, लुंग्या, "तुमच्याकडेही?"
खालच्या मजल्यावर मात्र दिवे चालू,
वात संपत आलेल्या कंदिलासारखे.

सकाळी यासीनभाईने मीटरच्या खोलीतून
एक काळी पडलेली तार ओढून दाखवली.
"न्यूट्रल. सैल झाला होता.
याला हात लावून झटका बसत नाही,
म्हणून कुणी बघत नाही याच्याकडे.
पण तिन्ही फेजना हाच धरून ठेवतो.
हा सुटला की जिथे लोड जास्त, तिथे दिवे मिणमिणणार.
जिथे कमी, तिथे तीनशेऐंशी."
म्हणजे?
"म्हणजे ज्याने कमी घेतलं, भाभी,
त्याच्याच अंगावर जास्त आलं."

आमच्या फेजवर चार घरं.
देसाई गावाला. वरची मुलं नाइट शिफ्टला.
मी, सगळे प्लग काढून, शहाण्यासारखी झोपलेली.
आणि डिचोलकर काकू:
एक टीव्ही, एक फ्रिज,
फ्रिजच्या दारात इन्सुलिन.

मी यासीनभाईला विचारलं नाही
की माझ्याकडचं चार वस्तूंचं बटण चालू असतं
तर काकूंकडे किती व्होल्ट कमी गेले असते.
मामंजींनी कागदावर मांडून दाखवलं असतं.
बरं झालं, नाहीत.

आमचा फ्रिज वाचला. स्टॅबिलायझर मेला.
उघडला तर तांब्याच्या गुंडाळीचा कोळसा,
आणि झाकणाच्या आतून, त्यांच्या अक्षरात,
खरेदीची तारीख, आणि खाली
"ग्यारंटी नाही."

काकूंचं इन्सुलिन आता आमच्याकडे,
लोणच्याच्या बरणीमागे.
दोन वेळा येतात, बेल न वाजवता.
नवा स्टॅबिलायझर डिजिटल आहे, टक् करत नाही,
हिरवे आकडे दाखवतो, २३१, २२८, २३३.
पाणी प्यायला उठले की वाचते.

प्लग अजून काढते.
फक्त मामंजींच्या खोलीतला पंखा
एकवर चालू ठेवते रात्रभर.
नवरा विचारतो, कुणासाठी?
मी म्हणते, फेजसाठी.