शुअर

ॲम्बल बंदरातली ती खोली. हीटर होता,
पण तो नुसताच कण्हत होता.
कॉरोनरपुढे चौकशी, आणि मी शब्द टिपणारी.
बावीस वर्षं हेच: मेलेल्यांचं लघुलेखन.

साक्षीला हिल्डा पर्विस, वय एकोणऐंशी.
पहाटे चारला तिनं खिडकीतून दिवा पाहिलेला,
धक्क्याच्या बाहेर.
"हिरवा?" वकिलानं विचारलं.
"हिरवा."
"शुअर?"
"शुअर," ती म्हणाली. चहात साखर घातलीस का,
हो, घातली, अशा सुरात.

"सर्टन?"
ती थांबली. माझी पेन्सिलही.
शुअर घरातलं असतं, शेगडीपाशी बसलेलं.
सर्टन दारात उभं राहतं, टोपी हातात घेऊन,
कागदपत्रं दाखवत.
आणि तरी ह्याच भाषेत
'अ सर्टन मिस्टर स्टोरी' म्हणजे कुणी एक,
ज्याला इथं कोणी ओळखत नाही.
कथबर्ट स्टोरीला तर सगळं गाव ओळखायचं.

"पॉझिटिव्ह?" वकील हटेना.
त्या शब्दाला दवाखान्याचा वास येतो.
हिल्डानं हातमोजे काढले. पुन्हा घातले.
खिडकीबाहेर धक्क्याच्या काळ्या दगडावर
भरतीची रेघ होती,
कालच्यापेक्षा बोटभर खाली.

"साहेब," ती म्हणाली,
"त्याच सकाळी मी आयरिनच्या दारात उभी राहून
म्हणाले होते, येईल तो, आय ॲम शुअर.
तेव्हाही हाच शब्द होता.
माझ्याकडे दुसरा नव्हता."
मागच्या बाकावर आयरिन स्टोरी
बटण नसलेल्या कोटाचं बटण शोधत होती.
"नो डाउट," कॉरोनर हळूच म्हणाले.
ह्याचा अर्थ, शंका आहे,
पण बाई, आपण आता जेवायला जाऊ.

रात्री टाइप करायला बसले.
लघुलिपीत घाईनं स्वर गळतात,
व्यंजनांचं हाडूक तेवढं उरतं.
शुअर आणि शोअर, खात्री आणि किनारा,
माझ्या वहीत एकच वळण.
त्या ओळीवर पेन्सिल थोडी घसरलेली.

साक्षीदार: शुअर.
की किनारा?
चहा निवला. समोर बंदरात
कुणाचा तरी दिवा हलत होता,
हिरवा, बहुधा.
मी पहिला शब्द टाइप केला
आणि तो बरोबर आहे
ह्याची मला