उजेडासमोर धरून बघा

दारापासच्या फळ्यांवर
आम्ही तिघींनी निवडलेली पुस्तकं उभी असतात,
प्रत्येकाला कपड्याच्या चिमट्यानं लावलेलं
एकेक कार्ड.

लहानांची कार्डं ऑइली लिहिते.
प्रत्येकावर एक कोल्हा काढते,
पुस्तकात कोल्हा नसला तरी.
मोठ्यांची सिनिक्का लिहिते, दोन ओळी,
त्यातली एक खोडलेली:
"शेवट पटला नाही. तरी तीनदा वाचलं."

मधली फळी माझ्याकडे.
तेरा ते सतरा. मुलं म्हटलेलं त्यांना चालत नाही.
कुणी सुचवलेलं पुस्तक ते हातात घेत नाहीत,
डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून पुढं जातात,
आणि आठवड्यानं ते फळीवरून गेलेलं असतं,
नोंदीशिवाय.
मी आरडाओरडा करत नाही.
चोरीला गेलेलं पुस्तक म्हणजे
माझ्या कार्डाला आलेला
सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय.

डिसेंबरात इथं दुपारी दोनलाच अंधार पडतो.
नदी गोठते. पलीकडे कागदाच्या गिरणीची चिमणी
अकरा वर्षं नुसतीच उभी.
त्या दिवसांत उर्हो तास्किनेन येतो.
बुटांचा बर्फ झाडतो, टोपी हीटरवर ठेवतो,
पुस्तक उघडतो, आणि वाचत नाही.
पान चिमटीत धरतो, अंगठा फिरवतो,
कानाशी नेऊन फडफडवतो,
मडकं वाजवून घ्यावं तसं.
मग दिव्यासमोर धरतो.
"तीन नंबरची मशीन," म्हणतो. "रात्रपाळी."
किंवा, "हा आमचा नाही,"
आणि जागच्या जागी ठेवतो,
दुसऱ्याचं पोर त्याच्या आईकडे द्यावं तसं.

खरं की खोटं, कोण तपासणार?
सिनिक्कानं एकदा विचारलं, "आणि गोष्ट? गोष्ट कशी आहे?"
उर्हो म्हणाला, "ते तुमचं खातं."

एका संध्याकाळी
(दुपार म्हणा, अंधार तोच)
मी त्याच्यापुढं कोरं कार्ड ठेवलं.
कानावरची पेन्सिल हातात आली
आणि तिथंच थांबली. कॉफी निवून गेली.
मग लिहिलं:
"पान ८८. लाकडाचा तंतू जाड राहिलाय.
त्या रात्री जाळी फाटली होती. चूक माझी.
उजेडासमोर धरून बघा."

पुस्तक होतं दोन बहिणींच्या भांडणाचं,
विटेएवढं जाड, सहा वर्षांत कुणी न नेलेलं.
सिनिक्का म्हणाली, ही मोठ्यांची फळी.
ऑइली म्हणाली, गंमत आहे, लहानांना द्या.
मी कुणाचं न ऐकता
मधल्या फळीवर चिमटा लावला.

पहिला आला याल्मारी, हूड कपाळापर्यंत ओढलेला.
इकडेतिकडे बघून पान मोबाईलच्या टॉर्चसमोर धरलं.
"कुठाय चूक?"
दुसऱ्या दिवशी तिघं, तीन टॉर्च,
फळीसमोर मासेमारीच्या बोटीसारखा उजेड.
तंतू सापडेना. शोधताना
नजर ओळींना अडकली असणार, कारण
वेन्ला नावाची मुलगी जोरात म्हणाली,
"पण ही बाई पत्र का जाळते?"
कुणालाच माहीत नव्हतं.
त्यासाठी सत्याऐंशी पानं मागं जावं लागणार होतं.

शुक्रवारी पुस्तक नव्हतं.
नोंदही नव्हती.

उर्होला सांगताना मला उगाच लाज वाटली,
त्याची वस्तू मीच हरवल्यासारखी.
त्यानं टोपी हीटरवरून उचलली, हातात फिरवली.
"मी कुठलं पान लिहिलं होतं?"
"अठ्ठ्याऐंशी."
"हॅत्. एक्क्याण्णव होतं ते."
दाराशी जाऊन वळला.
"राहू द्या. शोधत शोधत पोचतील."

कार्ड अजून फळीवर आहे,
मागं पुस्तक नसलेलं.
काल बघितलं तर
ऑइलीनं त्यावर कोल्हा काढलाय.